घोंगडीतली दारू

अण्णांच्या अंगाला दारूचा वास यायचा आणि अण्णांनी जन्मात दारू प्यायली नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे भवानी पेठेत त्यांच्या घराबाहेर फक्त दोघांना ठाऊक होतं. एक आमचे मालक, दुसरा मी.

मालक म्हणजे गुत्तेदार. सरकारी लिलावात दरसाल बोली लावून त्यांनी सोलापुरातले दारूचे पाच गुत्ते धरले होते. मॅट्रिकला दोनदा आपटल्यावर सासऱ्यांच्या ओळखीनं मी त्यांच्या पेढीवर कारकून म्हणून चिकटलो. आज हे सांगताना काही वाटत नाही. तेव्हा मात्र कोणी विचारलं की मी 'एका व्यापाऱ्याकडे लिहिण्याचं काम' असं सांगून विषय बदलायचो. माझ्या आईनं तर गुत्ता हा शब्द मरेपर्यंत तोंडातून काढला नाही.

पाच गुत्त्यांवर माप देणारी आठ-दहा माणसं होती आणि ही माणसं आपल्याला फसवतात, हा मालकांचा कायमचा घोर. मापात अंगठा बुडवून ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला थोडी कमी जाते; अशी वाचवलेली दारू परस्पर विकायची. दारूत पाणी घालायचं. दोस्त आला की नवटाकाच्या जागी पावशेर द्यायची. मालक स्वतः गुत्त्यावर गेले की सगळे अंगठे बाहेर आणि सगळी मापं काठोकाठ. म्हणून त्यांनी अण्णांना ठेवलं. अण्णांनी गिऱ्हाईक होऊन रोज एका गुत्त्यावर बसायचं, प्यायल्यासारखं करायचं, माप देणाऱ्यांवर नजर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेढीवर येऊन पाहिलेलं मला सांगायचं. मी ते लिहून घ्यायचो आणि मालकांना वाचून दाखवायचो. नेमताना मालकांनी त्यांच्याकडून सिद्धेश्वराची शपथ घेतली होती, की हे काम कोणापुढे बोलायचं नाही, बायकोपुढेसुद्धा.

अण्णा पन्नाशीचे, उंच, काटकुळे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. गुत्त्यावर जाताना तरी ते पुसा, असं मी एकदा सुचवलं.

"पुसले तर ते सोंग झालं," अण्णा म्हणाले.

"पण घोंगडी डोक्यावरून घेता, ते सोंग नाही?"

"घोंगडी माझीच आहे. ती पांघरली की कपाळ झाकलं जातं, त्यात माझा काय दोष?"

ही घोंगडी म्हणजे अण्णांचं सगळं हत्यार. तिच्या आतल्या बाजूला त्यांनी जुन्या धोतराच्या पाच-सहा घड्या स्वतःच्या हातानं टाचल्या होत्या. पेला तोंडाशी न्यायचा, घोंगडीचं टोक पुढे ओढायचं आणि पेला त्या घड्यांत रिकामा करायचा. मग तोंड वाकडं करायचं. हे तोंड वाकडं करणं मात्र त्यांना खरंच यायचं, कारण वासानंच त्यांना मळमळे.

सकाळी पेढीवर आले की ते घोंगडी बाहेर खुंटीला अडकवत, गादीला पाय लागणार नाही असे उभे राहत, डोळे मिटत आणि सांगायला लागत. त्यांचं सांगणं लिहून घेणं म्हणजे मला शिक्षा होती. एकदा मी लिहिलं, 'माप देणारा हसला.' वाचून दाखवल्यावर अण्णांनी डोळे उघडले.

"हसला लिहू नका."

"तुम्हीच म्हणालात."

"मी म्हणालो, दात दिसले. दात दिसले एवढंच लिहा. तो का हसला, हसला की दाढ दुखत होती, मला काय ठाऊक?"

वाटलेलं, ऐकलेलं, लोक म्हणतात ते, यातलं काही कागदावर येऊ द्यायचं नाही. दोन डोळ्यांना दिसलं तेवढंच. आणि दिसलं असेल तर ते गाळायचंही नाही. 'अमक्यानं खाली पडलेल्या म्हाताऱ्याचं पागोटं उचलून त्याच्या डोक्यावर ठेवलं,' असंही ते लिहायला लावत. मालक वैतागत. "अण्णा, हे कशाला? मला चोऱ्या पाहिजेत."

"घडलं म्हणून सांगितलं," अण्णा म्हणत.

एका सकाळी त्यांनी स्वतःविरुद्धच लिहायला लावलं. गर्दीत कोणाचा तरी धक्का लागला आणि एक थेंब ओठाला लागला. बाहेर येऊन सात चुळा भरल्या, आज उपास आहे. मी लेखणी खाली ठेवून हसायला लागलो. अण्णा हसले नाहीत. "लिहा. मी दुसऱ्यांचं सांगतो, तर माझं कोण सांगणार?"

असला माणूस गुत्तेदाराच्या नोकरीत आलाच कसा, हे मलाही बरेच दिवस कोडं होतं. अण्णा मूळचे दुधनीचे. तिथे बाजारात एका अडत्याकडे काट्यावर होते. शेतकऱ्यांच्या भुईमुगाच्या वजनात खोट करायला नाही म्हणाले, म्हणून त्यांना काढलं. बायको आणि मुलगी घेऊन सोलापुरात आले तेव्हा हाताला काम नव्हतं, आणि ही गोष्ट कानावर आल्यावर आमच्या मालकांना वाटलं, अरे, चोर पकडायला असाच माणूस पाहिजे. मी अण्णांना एकदा विचारलं, की दारूचा वासही सोसत नाही आणि दारूवाल्याचं मीठ खाता, हे कसं? ते म्हणाले, "दारू विकण्याचं पाप मालकांचं आहे, ते त्यांनी बघावं. माप खोटं असलं तर ते पिणाऱ्या गरिबाला लागतं. तेवढं मी बघतो." यावर मला बोलण्यासारखं होतं. पण त्यांच्यासमोर बोलायची हिंमत होत नसे.

गुत्त्यावर एक रीत होती. पहिला घोट घेण्याआधी पेल्यात बोट बुडवायचं आणि चार थेंब भुईवर उडवायचे, देवाच्या नावानं. गिरणीतला असो, हमाल असो, रानातून आलेला धनगर असो, थेंब उडवल्याशिवाय कोणी पेला तोंडाला लावायचा नाही. अण्णा ते करत नाहीत, हे त्यांच्याच सांगण्यातून मला कळलं आणि मी घाबरलो.

"अहो, करा की तेवढं. नाहीतर एखाद्या दिवशी पकडले जाल."

"पेला घोंगडीत ओततो, ते माणसांना फसवणं. मालकांच्या कामासाठी करतो," अण्णा म्हणाले. "देवाचं नाव घेऊन न प्यायची दारू शिंपडायची, ते माझ्यानं होणार नाही."



गल्लीत अण्णांची अब्रू धुळीला मिळाली होती. घोंगडी धुवून वास जायचा नाही. त्यांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणायचो, ती घोंगडी माडीवर वाळत घालायची आणि शेजारणी पदर नाकाला लावून खिडक्या लावायच्या. भर दुपारी, गिरणीचा पाळी सुटल्याचा भोंगा झाला की अण्णांना गुत्त्यात शिरताना पेठेतल्या लोकांनी शंभरदा पाहिलं होतं. नवरा पीत नाही हे अक्काला पक्कं ठाऊक होतं. तो तिथे का जातो हे ठाऊक नव्हतं, आणि तिनं विचारणं कधीच सोडून दिलं होतं. मुलगी सोळाची झाली. दोन स्थळं घराच्या दारात येऊन वासानंच परत गेली.

सिद्रामचं प्रकरण याच सुमाराला झालं.

सिद्राम हा गिरणीजवळच्या गुत्त्यावर नवीन लागलेला माप देणारा. पंचविशीचा, दुधनीच्याच बाजूचा, बोलायला कमी. अण्णा खात्री करायला लागोपाठ तीन दिवस त्या गुत्त्यावर बसले आणि चौथ्या दिवशी डोळे मिटून मला सांगू लागले. मल्लय्या म्हणून विणकर आला. सिद्रामनं त्याच्या पेल्यात अर्धी दारू घातली. मग माठाजवळचा तांब्या उचलून वर पाणी घातलं. तिन्ही दिवस असंच. बाकी कोणाच्या पेल्यात पाणी घातलं नाही.

माझी लेखणी थांबली. मल्लय्या माझ्याच गल्लीत राहायचा. हातमागावर लुगडी विणायचा. हात सोन्याचे आणि पाय कायम लटपटणारे. त्याची बायको, तेलुगू बाई, मराठी मोडकंतोडकं बोलणारी, चार दिवसांपूर्वी तोंड झाकून गुत्त्याच्या मागच्या दाराशी गेली होती. सिद्रामपुढे हात जोडून म्हणाली होती, "दादा, सगळं दारू देऊ नको. आर्धं पाणी घाल. पायानं घरी येऊ दे त्याला." हे तिनंच नळावर माझ्या बायकोला सांगितलं होतं आणि बायकोनं मला.

म्हणजे सिद्राम का पाणी घालतो हे मला माहीत होतं. मी ते अण्णांना सांगायला हवं होतं. ऐकीव गोष्ट त्यांना चालत नाही, असं मी मनाची समजूत घालायला म्हटलं. खरं कारण वेगळंच होतं. त्या आठवड्यात मालकांची माझ्यावर मर्जी बरी होती. त्यांच्या दारूत पाणी घालणाऱ्याची बाजू घेऊन ती मला घालवायची नव्हती. मी लिहिलं, सिद्रामनं पाणी घातलं. मालकांना वाचून दाखवलं. त्याच दुपारी मालकांनी सगळ्या गिऱ्हाइकांदेखत सिद्रामला गुत्त्यावरून हाकललं. तो काही बोलला नाही म्हणे. मल्लय्याला दुसऱ्या दिवसापासून निखळ दारू मिळायला लागली आणि चार महिन्यांत तो गटारीत पडून मांडी मोडून बसला. त्याचा माग बंद पडला.

त्यानंतर वर्षभरानं अण्णांच्या मुलीसाठी दुधनीहून स्थळ आलं. मुलगा चांगला, तेलाच्या घाण्याचा वारस. मुलगी त्यांनी सिद्धेश्वराच्या देवळात पाहिली होती आणि पसंत होती. पण मुलाच्या काकांनी निरोप धाडला, की मुलीचे वडील दारूबाज असल्याचं कानावर आलं आहे. आम्ही समक्ष येऊन खातरजमा करणार, आणि खरं निघालं तर परत फिरणार.

निरोप मिळाला त्या सकाळी अण्णा पेढीवर आले ते रोजच्यासारखे डोळे मिटून उभे राहिले नाहीत. सरळ मालकांसमोर गेले आणि हात जोडले.

"एकाच माणसाला, मुलाच्या काकांना, एवढंच सांगू द्या की मी तुमच्या कामासाठी तिथे बसतो. शपथेतून तेवढ्यापुरतं मोकळं करा."

मालकांनी पानाचा विडा तोंडात सारला. "एकाला सांगितलं की पाची गुत्त्यांवर बोभाटा होणार. मग मला नवा माणूस शोधावा लागणार." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि बोभाटा झालाच, तर तो दोघांपैकी कोणी केला हे मी शोधत बसणार नाही. दोघांनाही घरी बसवीन." मला कळायचं ते कळलं.

पाहुणे आले त्या दिवशी अण्णांनी मला आपल्या बाजूचा माणूस म्हणून बोलावून घेतलं. मी कोट घालून गेलो. मुलाचे काका दणकट, कानात भिकबाळी, मराठी बोलताना मध्येच कानडीत शिरणारे. पाणी झालं, पान झालं. आतल्या दाराआड अक्का आणि मुलगी उभ्या होत्या; पातळाचा काठ दिसत होता. काकांनी आडवळण घेतलं नाही.

"अण्णा, तुमी गुत्त्यावर जाता म्हणं. खरं काय?"

"खरं."

"रोज?"

"रोज."

"पिता?"

"नाही."

काका हसले. "मग तितं काय भजन करायला जाता?"

अण्णांच्या कपाळावर घाम आला. "का जातो ते मला सांगता येत नाही."

"न्हाय सांगता येत?"

"नाही."

"तुमच्या बाजूनं कुणी सांगनारं हाय?" असं म्हणून काकांनी माझ्याकडे पाहिलं.

मला एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या तोंडात तयार होतं. मी पानाच्या तबकातली सुपारी निवडत बसलो.

काकांनी माझ्यावरची नजर काढली. "बरं. आमीच एक मानूस आनलाय," ते म्हणाले आणि बाहेर बघून त्यांनी कानडीत कोणाला तरी 'इकडे ये' अशी हाक मारली. "बा रे इल्ली."

ओसरीवरून सिद्राम आत आला. गुत्त्यावरून काढल्यावर तो दुधनीला परत गेला होता आणि काकांच्या शेजारच्या अडतीवर पोती वाहत होता. गुत्त्यावर कामाला होता म्हणून काकांनी त्याला साक्षीला आणलं होतं. अण्णांनी त्याला ओळखलं आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. यानं नुसतं दिसलं ते सांगितलं तरी मुलीचं लग्न मोडत होतं. मनात राग असेल तर विचारायलाच नको.

"ह्ये तुज्या गुत्त्यावर येत हुते का?" काकांनी विचारलं.

"व्हय. येत हुते."

"बसायचे?"

"पेला घिऊन बसायचे."

आत बांगड्या वाजल्या. काका उठायला लागले.

"पर पीत न्हवते," सिद्राम म्हणाला. "घोंगडीत वतायचे."

काका परत बसले. "काय म्हनालास?"

"घोंगडीत वतायचे की. ह्ये मालकाचे मानूस. आमच्यावर नजर ठिवायला बसायचे. म्या कामाला लागलो त्याच दिवशी बाकीच्यांनी मला दावून दिलं. शिंतोडा न टाकता पेला उचलनारा मानूस उभ्या सोलापुरात ह्यो एकच. ह्ये बसल्याले असले की समदे नीट माप घालायचे, गेले की पुन्यांदा अंगठा मापात. पाची गुत्त्यांवर ठावं हुतं."

काकांनी अण्णांना विचारलं, "खरं हाय ह्ये?"

अण्णांनी कपाळावरचा घाम पुसला. "मी प्यायलो नाही हे खरं," ते म्हणाले. "बाकीचं मला आत्ताच कळतंय."

इतकी वर्षं डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगणारा माणूस, आणि दिसलं ते सगळं त्याच्यासाठी मांडलेलं. मला त्यांच्याकडे बघवेना. काकांच्या मात्र ते गावीही नव्हतं. ते मांडीवर थाप मारून हसत होते. "हौद्री, खरंच की! शपथ घेतली म्हून पोरीचं लगीन मोडू दिलं असतं की हो तुमी! असला व्याही कुटं मिळायचा? अक्का, सुपारी आना भाईर."

सुपारी फुटली. त्या गडबडीत सिद्राम उठून निघाला. अण्णा अनवाणीच त्याच्यामागे गल्लीत गेले, आणि मी अण्णांच्या मागे.

"थांब," अण्णा म्हणाले. "जेवून जा."

"गाडीची येळ झाली."

"माझ्यामुळे तुझी भाकरी गेली. तरी तू आज..."

"मला इचारलं, म्या सांगितलं."

अण्णा दोन पावलं पुढे गेले. "तुला ठाऊक होतं ना मी बघतोय? बाकीचे माझ्यासमोर नीट वागायचे. मग तू माझ्यासमोर पाणी का घातलंस?"

सिद्रामनं मल्लय्याच्या बायकोचं सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं. "त्या बाईला हो म्हनलो हुतो. तुमी बगताय म्हून शबूद मोडू व्हय?"

"हे तू तेव्हा का नाही बोललास?"

"तवा कुनी इचारलंच न्हाय की." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. "ह्या कारकुनांच्याच गल्लीतली बाई ती. ह्यांला इचारा."

तो गेला. अण्णा माझ्याकडे वळले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं," मी म्हणालो.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं, चिडले असते, पाहुण्यांदेखत माझी लाज काढली असती तर मला बरं वाटलं असतं. ते बराच वेळ स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, "चला. पानं मांडली असतील."

पुढच्या आठवड्यात अण्णा मालकांकडे गेले. सिद्रामला परत घ्या म्हणाले. मालक हसले. अण्णांनी नोकरी सोडली. पुढे ते एका सूत व्यापाऱ्याकडे काट्यावर होते असं कळलं. माझी त्यांची गाठ फारशी पडली नाही, कारण ते दिसले की मी गल्ली बदलायचो. मी त्याच पेढीवर आणखी अकरा वर्षं काढली.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. आम्ही आत आलो तेव्हा पंगत बसली होती. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली होती, वर तुपाची धार. मला मुलाच्या काकांच्या शेजारी, मानाच्या जागी बसवलं. अण्णांची मुलगी वाढायला आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते आणि चेहरा आनंदानं फुलला होता. बाकीच्यांना तिनं एक एक पळी वाढली. माझ्या पानापुढे वाकली आणि दोन पळ्या घातल्या. मी हात आडवा धरला.

"राहू द्या हो," ती मला हळूच म्हणाली. "तुमी आमच्या अप्पांच्या बाजूला बसला हुता, म्हणून त्यांना धीर आला."

मी हात काढून घेतला आणि तिनं वाढलेलं सगळं खाल्लं.